वैरण बदलली की गाईच्या पोटात काय बदलतं, आणि किती दिवसांत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे १२ संकरित गाई. सहा-सात महिने ज्वारीचा कडबा, थोडं नेपियर आणि दिवसाला ८ किलो गोळी पेंड असं चाललं होतं. मक्याच्या मुरघासाचा (हवाबंद खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या वैरणीचा) खड्डा उघडला आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक गाईला २० किलो मुरघास सुरू केला. कडबा जवळपास बंद, पेंड होती तेवढीच. तिसऱ्या दिवशी शेण पातळ, वर फेस. आठवड्याच्या आत फॅट ३.८ वरून ३.१ वर. दोन गाईंनी वैरणीला तोंड लावणं सोडलं. घाबरून तुम्ही एका रात्रीत मुरघास थांबवून पुन्हा कडब्यावर आलात, तर दूध आणखी पडलं. आता एक गाय मागच्या पायाने लंगडतेय. तुम्ही विचारताय: मुरघास आपल्या गाईंना मानवत नाही का, पोटातले जंतू वैरणीप्रमाणे बदलतात ते किती दिवसांत, आणि दुकानदार म्हणतो ती प्रोबायोटिक पावडर द्यावी का.

मुरघासाला दोष देऊ नका. तुमच्याकडे घाई दोनदा झाली. चढताना एकदा आणि उतरताना एकदा. दुसरी घाई पहिलीइतकीच महागात पडली आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कडब्याच्या ताटातला तंतू पचवायचं रसायन गाईच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव करतात. मोठ्या गाईचं कोटीपोट म्हणजे १०० लिटरच्या पुढची, ३९ अंशांवर कायम उबदार असलेली, हवा नसलेली टाकी. तिच्यातल्या एका मिलिलिटर द्रवात १० अब्ज किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात, लाख ते दहा लाख प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) असतात, शिवाय बुरशी आणि मिथेन तयार करणारे जीव वेगळे. ते वैरण आंबवून तीन आम्लं तयार करतात: असेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण ६० ते ७५ टक्के वाटा याच आम्लांतून येतो. असेटिकमधून दुधाची फॅट बनते, प्रोपिऑनिकमधून यकृतात ग्लुकोज आणि पुढे दुधातली साखर. आणि हे जीव स्वतःही पुढे चौथ्या पोटात जाऊन पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त प्रथिनं बहुधा त्यांचीच असतात. म्हणजे गव्हाणीत टाकलेलं पहिल्यांदा त्यांच्या ताटात जातं, गाईला मिळतं ते त्यांच्यानंतर.

हा सगळा जमाव एकाच प्रकारचा नसतो. तंतू खाणाऱ्यांची एक जमात आहे. रुमिनोकॉकस आणि फायब्रोबॅक्टर ही त्यांतली दोन ठळक नावं. हे जिवाणू वैरणीच्या तुकड्याला चिकटून बसतात, सावकाश खातात, सावकाश वाढतात आणि सामू (आम्लतेचं माप; तो जितका खाली तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली गेला की त्यांचं काम थांबायला लागतं. दुसरी जमात स्टार्च आणि साखर खाणाऱ्यांची. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जिवाणू भरपूर दाणा मिळाला की अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. हे आम्ल नेहमीच्या तीन आम्लांपेक्षा कितीतरी तीव्र असतं. तिसरी जमात हे लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणाऱ्यांची, मेगास्फेरा आणि सेलेनोमोनास वगैरे. सामू टिकवणारे खरे राखणदार हेच. पण कडब्यावरच्या गाईच्या पोटात त्यांना रोजचं खाद्य नसतं, म्हणून त्यांची संख्या नगण्य असते, आणि ती वाढायला दिवस लागतात.

तुमच्या गोठ्यात काय झालं ते आता बघा. २० किलो मुरघासात कोरडा भाग ६ ते ७ किलो. कणसं चांगली भरली असतील तर त्यातला पाव भाग स्टार्च, म्हणजे दीड किलोच्या आसपास. पेंडीतला स्टार्च होताच, त्यावर ही भर पडली. शिवाय मुरघास जितके महिने मुरतो तितका त्यातला स्टार्च पोटात लवकर सुटतो, त्यामुळे दोन महिन्यांनी उघडलेला खड्डा आणि आठ महिन्यांनी उघडलेला खड्डा सारखे वागत नाहीत. दुसरीकडे कडबा गेला म्हणजे चावण्याचं काम गेलं. गाय दिवसाकाठी १०० लिटरहून जास्त लाळ गिळते आणि तिच्यात आपल्या खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार असतो. रवंथ कमी झाली की हा सोडा कमी. पहिल्याच रात्री आम्ल करणारे उसळले, आम्ल खाणारे अजून गोळा व्हायचे होते. या दोघांच्या वेगातल्या तफावतीतच तुमचं फॅट गेलं.

फॅट पडण्यात आणखी एक बारकावा आहे. वैरणीतली तेलं कोटीपोटातले जिवाणू एका ठरावीक वाटेने बदलतात. सामू उतरला आणि जमाव बदलला की ही वाट फिरते आणि एक वेगळं स्निग्धाम्ल तयार होऊन रक्तातून कासेपर्यंत पोचतं. ते अगदी थोड्या मात्रेतसुद्धा कासेतली फॅट बनवण्याची क्रिया दाबून टाकतं. म्हणून काही वेळा गाय दिसायला ठणठणीत असते, दूधही भरपूर देते, आणि संकलन केंद्रावरची पावती मात्र ३.१ दाखवते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागावर) दर ठरतो तिथे हे किती लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचा प्रकार मंद होता. याचंच तीव्र रूप आम्ही पशुवैद्यक पोळ्याला आणि लग्नसराईत बघतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक बैल मला अजून दिसतो. पोळ्याच्या संध्याकाळी घरच्यांनी प्रेमाने पुरणपोळ्या चारल्या होत्या, आणि रात्री दावं सुटून तो अंगणातल्या उरलेल्या स्वयंपाकापर्यंत पोचला. सकाळी मी गेलो तेव्हा मान टाकून उभा होता, डोळे खोल गेलेले, शिंगांना अजून बेगड चिकटलेली. डाव्या कुशीत मूठ दाबली तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागलं आणि पोटाची हालचाल अजिबात नव्हती. नळी घालून थोडा द्रव काढला. निरोगी जनावराचा हा द्रव हिरवट-तपकिरी आणि किंचित चिकट असतो, त्याला आंबवलेल्या वैरणीचा उग्र पण ओळखीचा वास येतो. इथे दुधाळ राखाडी पाणी आलं. आंबट वासाने नाक झोंबलं. सामूचा कागद ४.५ दाखवत होता. दवाखान्यात नेऊन थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नेहमी तिथे प्रोटोझोआंची बाजारासारखी धावपळ असते. मोठे संथ फिरणारे, छोटे त्यांच्यामधून सुळकन जाणारे. त्या थेंबात एकही हलत नव्हता.

सामू इतका उतरला की ज्याने सुरुवात केली तो स्ट्रेप्टोकॉकससुद्धा मागे पडतो आणि त्याहून आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात. पोटातलं आम्ल रक्तातलं पाणी ओढून घेतं, म्हणून डोळे खोल जातात. आम्ही पोट रिकामं केलं, शिरेतून सलाइन आणि सोडा दिला. पण तो खरा मार्गी लागला शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गाईच्या पोटातला द्रव नळीने काढून, गाळून, कोमट असतानाच त्याला पाजल्यावर. सात-आठ लिटर पहिल्या दिवशी, तेवढाच दुसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने रवंथ केली. त्या घरातली आजी तो जबडा हलताना बघून रडायला लागली. त्यानंतर मी ठरवलं की औषधाच्या पिशवीत काही नसलं तरी चालेल, पण गावात द्रव देऊ शकणारी एक निरोगी गाय कुठे आहे ते माहीत पाहिजे. वाचला तो बैल, पण सगळे वाचत नाहीत. आठ तासांच्या आत बोलावलं तर आशा असते, चोवीस तास ‘बघू जरा’ करण्यात गेले तर बहुतेक वेळा आम्ही उशिरा पोचलेले असतो. पोळ्याला एखादा घास घालून पूजा करा, बाकी हिरवी वैरण घाला. बैलाला सणाचा आनंद त्यातही तेवढाच होतो.

आता दिवसांचा हिशेब. ‘किती दिवसांत बदलतात’ याला एकच आकडा नाही, कारण पोटातल्या वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेगाने सरकतात. सामू आणि आम्लांचं प्रमाण काही तासांत बदलतं. जिवाणूंच्या संख्येतला पहिला मोठा हेलकावा दोन-चार दिवसांत दिसतो. पण नव्या वैरणीवर जमाव स्थिरावायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणूनच संशोधन केंद्रांवर आहाराचे प्रयोग करताना मोजमाप सुरू करण्याआधी जनावरांना साधारण तेवढे दिवस नव्या वैरणीवर ठेवतात. आणि सगळ्यात संथ आहे ती कोटीपोटाची भिंत. तिच्यावर गालिच्यासारखे बारीक अंकुर असतात, तेच आम्ल शोषून घेतात. खुराक कमी असलेल्या भाकड काळात हे अंकुर आखडतात, आणि पुन्हा लांब व्हायला चार ते सहा आठवडे घेतात. जंतू तयार झाले पण शोषणारी भिंत तयार नाही, असाही काळ मध्ये येतो.

इथे एक प्रयोग सांगावासा वाटतो, कारण त्याने माझा विचार बदलला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पॉल वायमर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे. दोन गाईंच्या कोटीपोटातलं जवळजवळ सगळं काढून त्यांनी अदलाबदल केली, हिचं तिच्या पोटात आणि तिचं हिच्या. वैरण तीच ठेवली. एका दिवसात प्रत्येक गाईचा सामू आणि आम्लं तिच्या स्वतःच्या जुन्या पातळीवर आली. जिवाणूंचा जमाव मात्र आपल्या मूळ रूपाकडे परतायला एका गाईत दोन आठवडे लागले, दुसरीत दोन महिने. म्हणजे एकाच दावणीला, एकाच वैरणीवर उभ्या असलेल्या दोन गाई सारख्या नसतात. तुमच्या बारापैकी दोनच गाईंनी खाणं सोडलं आणि दहा कशाबशा निभावल्या, याचं मला आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्या बाजूने, २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ७४२ जनावरांच्या पोटातल्या द्रवाची एकत्र पाहणी झाली. त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, अगदी हरणंसुद्धा होती. मुख्य जिवाणू सगळीकडे तेच निघाले, आणि त्यांच्या प्रमाणात फरक पडला तो मुख्यतः आहाराने. त्यामुळे ‘आमच्या भागातल्या गाईंना मुरघास चालत नाही’ हे म्हणणं मला पटत नाही. लागणारे जीव सगळ्यांच्या पोटात आहेत. त्यांना वाढायला दिवस द्यावे लागतात.

आता उतरताना काय चुकलं ते. मुरघासाच्या त्या आठवड्यात आम्लामुळे तंतू खाणारे दबले होते. तुम्ही अचानक निव्वळ कडबा टाकलात तेव्हा तो पचवायला माणसंच हजर नव्हती, असं समजा. कडबा पोटात नुसता पडून राहिला, पोट भरलेलं म्हणून गाय आणखी खाईना, आणि स्टार्च खाणारे उपाशी मरायला लागले. ऊर्जा दोन्हीकडून आटली. कडब्याचं कठीण ताट फोडायला बुरशीचीही मदत लागते; तिचे धागे ताटाच्या आत शिरून त्याला भेगा पाडतात, मग जिवाणूंना आत वाव मिळतो. (कोटीपोटातली प्राणवायूविना जगणारी ही बुरशी १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी ओळखली. तोवर तिच्या पोहणाऱ्या बीजाणूंना लोक प्रोटोझोआच समजत होते.) वाढायला हीसुद्धा सावकाशच. त्यामुळे दूध उतरलं दोन दिवसांत आणि चढायला दोन-तीन आठवडे घेणार. एवढं मनाशी धरून चाला, मध्येच तिसरा बदल करू नका.

पुन्हा मुरघास सुरू करायचा तो असा. आधी गाई कडब्यावर नीट रवंथ करायला लागू द्या, शेण बांधून येऊ द्या. मग मुरघास ३ किलोपासून सुरू करा आणि दर तिसऱ्या दिवशी २ ते ३ किलो वाढवत न्या. २० किलोपर्यंत पोचायला किमान तीन आठवडे लागले पाहिजेत. मुरघास १० किलोच्या पुढे जाण्याआधी पेंड किलो-दीड किलोने कमी करा, कारण दाणा आता मुरघासातूनही येतोय. मुरघासात प्रथिनं कमी असतात, म्हणून पेंड कमी करताना सरकी किंवा शेंगदाणा पेंडीचा वाटा तेवढा राखा; नाहीतर तंतू खाणाऱ्या जिवाणूंना नत्र अपुरं पडेल. कडबा पूर्ण बंद कधीच करायचा नाही. रोज २ ते ३ किलो राहू द्या, कुट्टी दीड-दोन इंचाची. भुग्यासारखी बारीक कुट्टी करून घालणारे खूप आहेत, त्याने गाय चावत नाही आणि कडब्याचा निम्मा उपयोग वाया जातो. सकाळी उपाशी पोटी पेंड पुढ्यात ठेवू नका. आधी वैरण, अर्ध्या-पाऊण तासाने पेंड, आणि एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नको. या तीन आठवड्यांत खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास, पेंडीत विभागून दिलात तर चांगलं. पण सोड्याच्या भरवशावर मुरघास भराभर वाढवू नका.

पावडरीबद्दल मोकळेपणाने सांगतो. जिवंत यीस्टचा उपयोग मी पाहिलाय, विशेषतः जास्त पेंड खाणाऱ्या गाईत. ते कोटीपोटात शिरलेला थोडाफार प्राणवायू वापरून टाकतं आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्यांना मदत करतं. मात्र ते तिथे कायमचं वसत नाही, रोज द्यावं लागतं, थांबवलं की परिणामही थांबतो. ‘एकदा द्या, जंतू वाढतील, मग काळजी नको’ असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. भरलेल्या पोटात बाहेरून टाकलेले मूठभर जिवाणू सहसा तग धरत नाहीत. त्या पैशात चांगलं खनिज मिश्रण आणि गाडीभर चांगला कडबा आधी घ्या. आणि एक कळकळीची विनंती, अपचन झालं म्हणून तोंडावाटे प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. पोटात जे उरलेसुरले कामाचे जीव आहेत तेही त्याने जातात. मीच पूर्वी अशी गाय पाहिली आहे जिला तीन दिवस गोळ्या चालू होत्या आणि तिच्या पोटाला पुन्हा हलायला तीन आठवडे लागले. पाव-अर्धा लिटर तेल रोज पाजून फॅट वाढवण्याचा प्रकारही असाच. आहारातली एकूण चरबी कोरड्या भागाच्या ५-६ टक्क्यांच्या वर गेली की तंतू खाणारे जिवाणू मार खातात आणि फॅट उलट घसरते.

हळूहळू बदलल्यावर पोट काय काय शिकतं याची मला कायम आवडणारी दोन उदाहरणं आहेत. पहिलं आपल्या उसाच्या वाढ्यांचं. गळिताच्या हंगामात सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडे महिनोन्‌महिने वाढेच चालतात. २०१३ च्या दुष्काळात माण-खटावच्या छावण्यांत तर कडब्यावर वाढलेली जनावरं एकदम ऊस आणि वाढ्यांवर आली, आणि पहिल्या पंधरवड्यात पातळ शेणाच्या तक्रारींनी आम्हाला उसंत नव्हती. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. कोटीपोटात हेच ऑक्झलेट खाऊन जगणारा एक जिवाणू असतो, ऑक्झॅलोबॅक्टर. ऑक्झलेट थोडंथोडं येत राहिलं की तो वाढतो आणि जनावराची सहनशक्ती त्याच्याबरोबर वाढते. पहिल्याच दिवशी पोटभर वाढे घातले तर तो कमी पडतो. आपल्याकडे वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात ती योग्यच आहे, सोबत खनिज मिश्रण आणि थोडा कडबा हवाच.

दुसरं सुबाभळीचं. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने सुबाभूळ आपल्याकडे जोमाने पसरवली. आजही बांधावर ती दिसते. तिच्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सुबाभूळ भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळायचे, थायरॉइड वाढायचं. हवाईत मात्र शेळ्या तोच पाला खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शंका घेतली की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जंतूंत असावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळीच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिला, आणि त्यांना सुबाभूळ पचायला लागली. पुढे तो जिवाणू सापडला, १९९२ मध्ये त्याला सिनर्जिस्टिस जोन्साय असं जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळालं. मला ही गोष्ट पोळ्याच्या त्या बैलाइतकीच जवळची आहे, कारण दोन्हीत उपाय एकच होता. तुमच्याकडे सुबाभूळ असेल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ठेवा आणि तीही हळूहळू.

मेंढ्या-शेळ्यांवाल्यांसाठी एकच मुद्दा. सुगीनंतर कळप सांडलेल्या कणसांवर शिरला किंवा पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडला, की न पचलेला स्टार्च आणि साखर आतड्यापर्यंत जातात आणि तिथे एरवी थोड्या संख्येने गप्प असलेला क्लॉस्ट्रिडियम जिवाणू विष तयार करतो. हाच आंत्रविषार. सकाळी चांगलं, धष्टपुष्ट कोकरू संध्याकाळी मेलेलं सापडतं. पावसाळ्याच्या आधी लस टोचून घ्या आणि रानात सोडण्याआधी थोडा वाळला चारा पोटात जाऊ द्या.

तुमच्या पत्रात दोन गाई महिन्याभरात विणार असल्याचं आहे, त्याकडे जास्त लक्ष द्या. भाकड गाय आठ आठवडे निव्वळ वैरणीवर असते, आणि व्याली की दुसऱ्या दिवसापासून आपण तिच्यापुढे पेंडीचं घमेलं ठेवतो. पोटातले जंतूही तयार नाहीत आणि भिंतीवरचे अंकुरही आखडलेले. विण्याआधी तीन आठवडे अर्धा किलो पेंडीने सुरुवात करा आणि विण्याच्या वेळी अडीच-तीन किलोपर्यंत न्या. विल्यानंतर ज्या वैरणीवर ती राहणार आहे तीच वैरण थोड्या प्रमाणात याच काळात दाखवा. म्हणजे गोठ्यात मुरघास असेल तर तिलाही चार-पाच किलो. व्याल्यावर पेंड दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या किलोनेच चढवा. त्याहून भराभर चढवली तर दूध थोडं आधी चढेल, पण आम्ल, केटोसिस (ऊर्जा कमी पडून होणारा आजार) आणि खुरांचं दुखणं यांतलं काहीतरी मागून येईल.

आणि वासरू जन्मलं की पहिल्या दिवसापासून त्याच्या पोटात वस्ती सुरू होते. जिवाणू आईकडून, गोठ्यातून, चाटण्यातून येतात. प्रोटोझोआ मात्र मोठ्या जनावराच्या लाळेशी संपर्क आला तरच येतात. वेगळं एकटं वाढवलेलं वासरू त्यांच्याशिवाय महिनोन्‌महिने राहू शकतं. चीक पहिल्या दोन तासांत पाजा. दूध थेट चौथ्या पोटात जातं, म्हणून नुसत्या दुधावर कोटीपोट वाढत नाही. पहिल्या आठवड्यापासून मूठभर वासरांचा खुराक आणि स्वच्छ पाणी ठेवा. खुराक आंबून जे ब्युटिरिक आम्ल होतं त्यानेच ते अंकुर फुटतात. दोन महिन्यांचं वासरू रोज किलोभर खुराक सहज खायला लागलं तरच दूध तोडा.

रोज बघायच्या गोष्टी साध्या आहेत, प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी गाई बसलेल्या असतात तेव्हा मोजा. दहा बसल्या असतील तर सहा-सात तरी रवंथ करत असायला हव्यात. एका घासाला किती वेळा चावते तेही मोजा, ५० च्या वर हवं. ४० च्या खाली आलं तर तंतू कमी पडतोय. डाव्या कुशीत मूठ रोवून दोन मिनिटं थांबा, पोट निदान दोन-तीनदा हाताला वर ढकललं पाहिजे. आणि आठवड्यातून एकदा दोन मुठी शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. अख्खे मक्याचे दाणे उरले तर मुरघास करताना दाणा फुटलेला नाही. अर्ध्या इंचाहून लांब तंतू उरले तर कोटीपोटाने काम पुरं केलेलं नाही. आतड्याच्या सालीसारखे चिकट पापुद्रे दिसले तर आंबण्याचं काम मागे मोठ्या आतड्यात सरकलंय, लगेच पेंड कमी करा. हे तुम्ही मुरघासाच्या पहिल्या दिवसांतच केलं असतं तर आधीच कळलं असतं.

लंगडणाऱ्या गाईचं. आम्लाच्या त्या आठवड्यात खुराच्या आतल्या रक्तवाहिन्यांना इजा होते, पण तळव्यावर लालसर-पिवळे डाग दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, कारण खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतं. म्हणून आज लंगडतेय तिचं खूर आताच साफ करून दाखवून घ्या, आणि बाकीच्या अकरांचे खूर कॅलेंडरवर खूण करून दीड-दोन महिन्यांनी तपासा. त्या दिवशी तळवा पांढरा, घट्ट निघाला तर मला कळवा, मुरघास तेव्हा कितीवर आहे तेही लिहा.